पेण आणि रोहा : वाटा बदलल्या, पेठा टिकल्या

पनवेल मागे टाकून गोव्याच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला पेण लागते ते गणपतींच्या फलकांनी. तेथून पुढे रेल्वेने कासू, नागोठणे, निडी ही स्थानके ओलांडली की कुंडलिकेच्या काठचे रोहा येते. मुंबईच्या माणसाला ही दोन्ही गावे बहुधा खिडकीतूनच ठाऊक असतात. पेणला पोहे-पापड घ्यावेत आणि रोह्याला इंजिनाची शिटी ऐकावी, एवढीच त्यांची ओळख. परंतु व्यापारावर जगणाऱ्या कुटुंबांनी या दोन गावांचा इतिहास थोडा निरखून पाहण्याजोगा आहे. गेल्या दीडशे वर्षांत येथील वाट निदान चार वेळा बदलली. प्रत्येक वेळी पेठेने आपला धंदा बदलला आणि ती टिकून राहिली. आज पाचवा बदल उंबरठ्यावर उभा आहे.

खाडी आणि घाट

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की या गावांच्या जन्माचे कारण सहज ध्यानात येते. एका बाजूला समुद्राच्या खाड्या आत घुसलेल्या आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत. भरतीच्या पाण्यावर होडी जेथवर येऊ शकते आणि घाटावरून उतरलेला बैल जेथे विसावतो, तेथे पेठ वसते. पेणजवळ भोगावतीच्या खाडीवर अंतोरा बंदर होते. खारेपाटातील मिठागरांचे मीठ आणि कोकणचा तांदूळ येथून बैलांच्या पाठीवर बोरघाटाने देशावर जाई, आणि देशावरचा माल त्याच वाटेने खाली येई. रोह्याची कथा वेगळी नाही. कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. त्या मुखाशी चौल हे प्राचीन बंदर, आणि नदीच्या वरच्या अंगाला रोहा व पलीकडच्या तीरावर अष्टमी. आजही नगरपरिषदेचे नाव ‘रोहा-अष्टमी’ असेच जोडीने घेतले जाते.

व्यापाराची ही परंपरा फार जुनी आहे. रोह्याच्या दक्षिणेला तळ्याच्या बाजूस कुडे येथील लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये श्रेष्ठी आहेत, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे आणि फुले विकणारा माळीही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजाराची ती जणू हजेरीच होय. नागोठण्याचा सोळाव्या शतकातील दगडी पूलही याच वाटेवरच्या वर्दळीची साक्ष देतो. रोह्याजवळचे अवचितगड व घोसाळगड, पेणजवळचे सांकशी व मिरगड हे किल्ले खाडीच्या आणि घाटाच्या वाटांवर नजर ठेवून उभे राहिले, ते उगीच नव्हे.

पहिला मोठा फटका १८६३ साली बसला. बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाटावरचा माल कर्जत-कल्याणमार्गे थेट मुंबईस जाऊ लागला. बैलांचे तांडे ओसरले. पेण-रोह्याने तेव्हा देशावरचा आधार सोडून मुंबईची भूक ओळखली. तांदूळ, मीठ, सरपण, भाजी असा माल खाडीने मुंबईला जाऊ लागला. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ही दोन्ही गावे तालुक्याची ठाणी म्हणून स्थिर झाली. कचेरी आली, कोर्ट आले, वकील आले, आणि त्यांच्यामागून शाळाही आल्या. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव ‘रायगड’ झाले.

दुसरा बदल मोटार-रस्त्याने घडवला. मुंबई-गोवा महामार्ग सुरू झाल्यावर खाडीचे महत्त्व संपले आणि दुकाने बंदराकडून रस्त्याकडे सरकली. तिसरा बदल रेल्वेचा. आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोचला. कोकण रेल्वेचा पायाभरणी समारंभ १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यातच झाला, आणि रोहा ते वीर हा टप्पा जून १९९३ मध्ये खुला झाला. कोकण रेल्वेचा आरंभ-दगड असण्याचा मान रोह्याचा आहे. चौथा बदल कारखान्यांचा. त्याविषयी पुढे येईल.

वस्ती

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजारांच्या घरात होती. त्यात पेण शहराचा वाटा सुमारे ३८ हजारांचा आणि रोहा-अष्टमीचा सुमारे २१ हजारांचा. आकडे लहान आहेत. परंतु या पेठांचा गिऱ्हाईक शहरात राहत नाही, तो भोवतालच्या गावांत राहतो. पेणच्या पश्चिमेला खारेपाटातील आगरी आणि कोळी वस्ती, पूर्वेच्या डोंगरात ठाकूर आणि कातकरी वाड्या, रोह्याच्या परिसरात कुणबी शेतकरी. गावात ब्राह्मण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, कोकणी मुसलमान आणि कारागीर यांची जुनी घरे आहेत. गुजरात आणि मारवाडकडून आलेली व्यापारी घराणी धान्य, कापड, किराणा आणि सोने-चांदीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. या दोन्ही गावांतील जैन मंदिरे त्या स्थिरावण्याचीच खूण आहेत. मनुष्य दुकान भाड्याने घेतो तेव्हा तो गावात आलेला असतो. मंदिर बांधतो तेव्हा तो गावचा झालेला असतो.

या संमिश्र वस्तीतून मोठी माणसे उभी राहिली. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते येथला, पण त्यांचे बालपण रोह्यात गेले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यातच जन्मले. तिघांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला : विनोबांना १९५८ मध्ये, चिंतामणरावांना १९५९ मध्ये आणि पांडुरंगशास्त्रींना १९९६ मध्ये. शेजारच्या दोन लहान तालुक्यांशी नाते सांगणारे तीन मानकरी, हा योग विरळाच म्हणावा.

विनोबांचे जैन समाजावर एक विशेष ऋणही आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, हा त्यांचाच आग्रह होता. त्यातूनच जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेले ‘समणसुत्तं’ आकाराला आले. विनोबांनी अखेरीस अन्न, पाणी आणि औषध सोडून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला, तो दिवस दिवाळीचा, म्हणजेच महावीर निर्वाणाचा होता.

पेणची पेठ

पेणच्या बाजाराचे दोन चेहरे आहेत. एक बारमाही आणि दुसरा भाद्रपदातला.

बारमाही चेहरा पोह्यांचा, पापडांचा आणि मिरगुंडांचा. भात भिजवायचे, भाजायचे, कांडून चपटे करायचे. काम साधे वाटते, पण भाताची जात आणि भाजण्याचा नेमका क्षण यांवर पोह्याची चव ठरते. या मालाचे वैशिष्ट्य असे की शेतकऱ्याचे भात, गिरणीवाल्याचे यंत्र, घरोघरच्या स्त्रियांचे हात आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक असे चौघेही त्यावर जगतात. महामार्गावरून जाणारी मोटार दहा मिनिटे थांबते आणि त्या दहा मिनिटांवर कित्येक घरांची चूल पेटते.

भाद्रपदातला चेहरा जगप्रसिद्ध आहे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही भोवतालची गावे मिळून दरवर्षी लाखो गणेशमूर्ती घडवतात. देवधर घराण्याचे नाव या कलेच्या वाढीशी जोडलेले आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गाने जात असल्यामुळे त्या उत्सवाच्या कित्येक महिने आधीच पेटाऱ्यात बंद होतात. म्हणजे होळी-पाडव्याच्या सुमारासही येथे कारखान्यांत रंगांचा वास दरवळत असतो.

या धंद्याचे आर्थिक गणित व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगे आहे. माती, रंग, काथ्या, मजुरी यांवरचा खर्च वर्षभर होत राहतो; पैसा मात्र शेवटच्या काही आठवड्यांत येतो. मधल्या काळात कारागीर उधारीवर आणि कर्जावर चालतो. रंगाचा व्यापारी, किराण्याचा दुकानदार आणि पतसंस्था हे सारे या एका चतुर्थीकडे डोळे लावून असतात. त्यामुळे मूर्तीबाबतचा एखादा नियम बदलला तर त्याचा धक्का सर्व पेठेला बसतो. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले, आणि जूनमध्ये, नैसर्गिक जलाशयात विसर्जन न करण्याच्या अटीवर, मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली. त्या चार-पाच महिन्यांत किती कारखान्यांत तयार साचे थबकून पडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. शाडूची मूर्ती निसर्गाला सौम्य आहे. पण शाडू गुजरातेतून आणावी लागते, ती वाळायला वेळ घेते, वजनाला जड असते आणि लांबच्या प्रवासात तडकते. पाण्याचे रक्षण आणि हजारो हातांची रोजी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याची किंमत एकट्या कारागिराने मोजावी, हे मात्र न्याय्य नाही.

येथील जैन दुकानदाराच्या वाट्याला आणखी एक कसोटी येते. मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे नेमकी गणेश चतुर्थीच्या दिवशी येते, स्थानकवासींची सामान्यतः दुसऱ्या दिवशी, आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते. वर्षातील सर्वांत मोठी विक्री आणि वर्षातील सर्वांत मोठी क्षमापना एकाच आठवड्यात. ज्या गावात शेजाऱ्याच्या घरी गणपती बसत असतो त्याच दिवशी आपल्या घरी उपवास आणि प्रतिक्रमण असते, त्या गावात सलोखा हा भाषणाचा विषय राहत नाही. तो रोजच्या वागण्याचा भाग होतो.

रोह्याची पेठ

रोह्याचा स्वभाव पेणहून निराळा. पेण रस्त्यावरच्या अनोळखी गिऱ्हाइकावर जगते. रोहा ओळखीच्या गिऱ्हाइकावर. भाताचा हंगाम, लग्नसराई, आणि दसऱ्यानंतरचा ग्रामदैवत धावीर महाराजांचा पालखी सोहळा ही येथील बाजाराची जुनी वेळापत्रके. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस दलाची सशस्त्र सलामी दिली जाते, ही प्रथा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात आणि नोकरीसाठी बाहेर गेलेला रोहेकर त्या दिवसासाठी घरी परततो.

या जुन्या वेळापत्रकात १९७० च्या दशकात एक नवी तारीख शिरली : पगाराची. धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रसायने व रंगद्रव्ये बनवणारे कारखाने आले. पुढे नागोठण्याला पेट्रोरसायन प्रकल्प झाला आणि पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना. शेतकऱ्याचे गिऱ्हाईक वर्षातून दोनदा मोठे होते, कामगाराचे दर महिन्याला. दुकानदाराने उधारीची वही बदलली, माल बदलला. घड्याळ, पंखा, दूरदर्शन संच, मोटारसायकल अशा वस्तू पेठेत आल्या. त्याबरोबरच नदीच्या प्रदूषणाची तक्रारही आली. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी बाराही महिने येते, म्हणूनच कोलाडला उन्हाळ्यातही पर्यटक वेगवान प्रवाहात नौका सोडतात. तीच नदी पुढे औद्योगिक वसाहतीजवळून वाहते. एका नदीवर शेती, कारखाना, पर्यटन आणि पिण्याचे पाणी असे चार भागीदार आहेत. भागीदारीत एकाने जास्त उचल केली की काय होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शाळा आणि विद्या

दोन्ही गावांत शिक्षणाची आस्था जुनी आहे. पेणमध्ये प्रायव्हेट हायस्कूल आणि सार्वजनिक विद्यामंदिर या शाळांतून कित्येक पिढ्या घडल्या. भाऊसाहेब नेने महाविद्यालयामुळे कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचे शिक्षण गावातच मिळू लागले. महात्मा गांधी वाचनालय हे गावच्या सांस्कृतिक जीवनाचे केंद्र राहिले आहे. विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी पेणमध्ये ‘सुहित जीवन’ आणि ‘आई डे केअर’ यांसारख्या संस्था काम करतात. एवढ्याशा शहरात हे घडावे, ही भूषणाची गोष्ट आहे. रोह्यात कोकण एज्युकेशन सोसायटीचे मेहेंदळे हायस्कूल, जे. एम. राठी इंग्लिश स्कूल आणि चिंतामणराव देशमुखांचे नाव धारण करणारे वाणिज्य महाविद्यालय आहे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय असावे, याहून उचित स्मारक कोणते! तंत्रशिक्षणासाठी माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

अडचण बारावीनंतर सुरू होते. मुलगा किंवा मुलगी सनदी लेखापालाच्या, अभियांत्रिकीच्या वा वैद्यकीच्या शिक्षणासाठी पनवेल, नवी मुंबई, पुणे गाठते आणि बहुधा तेथेच राहते. शाळा चांगल्या आहेत म्हणून मुले शिकतात, आणि शिकतात म्हणून पेठ सोडतात. गल्ल्यावर बसलेला साठीचा मालक आणि भिंतीवर पदवीदान समारंभातील मुलाचे छायाचित्र, हे दृश्य कोकणातील कोणत्याही जुन्या पेठेत दिसते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण पिढीने उभे केलेले दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न टाळण्याजोगाही नाही.

पत

बाजाराला जमीन लागते, माल लागतो, रस्ता लागतो. पण बाजार चालतो तो विश्वासावर. हा धडा पेणने फार मोठी किंमत देऊन घेतला. १९३५ पासून गावाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेण अर्बन सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. कोट्यवधी रुपयांची बोगस कर्जे उघड झाली आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. मोठ्या व्यापाऱ्याला दुसरा आधार असतो. निवृत्त शिक्षकाला, मुलीच्या लग्नासाठी पैसा साठवणाऱ्या मूर्तिकाराला, कातकरी वाडीतील बचत गटाला तो नसतो. ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापून वर्षानुवर्षे मोर्चे काढले, न्यायालयाचे दार ठोठावले. ज्या मातीने देशाला रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर दिला, त्याच जिल्ह्यात हे घडावे, हा दैवदुर्विलासच.

त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा अवघी १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व खात्यांना मिळून असते, प्रत्येक पावतीला स्वतंत्र नव्हे. दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या संस्थेत सारी पुंजी ठेवण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी ध्यानात ठेवावे. आपल्या ओळखीचा माणूस संचालक आहे, हे ठेवीचे तारण होऊ शकत नाही.

पुढची वाट

आता पाचवा बदल. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटर महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण प्रवाशांच्या सहनशीलतेची परीक्षा घेत राहिले. पण मुंबई पूर्वीपेक्षा जवळ आली, हे निश्चित. पेण आता तालुक्याचे गाव कमी आणि महानगराचे उपनगर अधिक होऊ लागले आहे. इमारती उठत आहेत, जमिनीचे भाव चढत आहेत. गुंतवणुकीच्या जाहिराती व्यापारी कुटुंबांपर्यंत पोचल्या नसतील तरच नवल.

येथे घाई करणे इष्ट नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यास साधारणपणे शेतकरी असणे आवश्यक असते. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीस घेता येत नाही. खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत, आणि खारेपाटात समुद्राचा बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते. सात-बारा, फेरफार आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. जमिनीमागे माणसेही असतात, हे तर मुळीच विसरू नये. पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांची मते अजमावण्यात आली होती. जमीन देण्यास त्यांचा तीव्र विरोध दिसला आणि पुढे तो प्रकल्पच बारगळला. हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते आणि खारेपाटातील गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, याचाही विसर नव्या रहिवाशाला पडू नये.

बैलांच्या तांड्याकडून गलबताकडे, गलबताकडून मोटारीकडे, मोटारीकडून रेल्वेकडे आणि शेताकडून कारखान्याकडे पेण-रोह्याच्या पेठा वळल्या. ज्यांनी वाट बदलताच माल बदलला, ती दुकाने राहिली. ज्यांनी माप बदलले, ती मात्र गेली. विमानतळ येईल, उंच इमारती येतील, गिऱ्हाईक भ्रमणध्वनीवर भाव विचारील. तरीही संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी जो दुकानदार गावातल्या माणसाला नावाने हाक मारतो आणि वजन पुरे देतो, त्याची पायरी चढणारे कोणीतरी राहीलच.